चार गुण, दोन गुण आणि एक ‘ण’



संमेलनाच्या अध्यक्षानं सगळ्यांना गोंजारून खाली बसावं, अशी रीत आहे. मला ती आज पाळायची नाही. कारण दोष आपल्या, म्हणजे लिहित्या-वाचत्या मंडळींच्या पदरी आहे. तो कुस्तीच्या एका वादातून दाखवतो.

२०२३च्या जानेवारीत पुण्याला महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेच्या माती विभागात महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला बाहेरील टांग हा डाव लावला. पंचांनी चार गुण दिले आणि गावोगाव वाद पेटला. नियम काही अवघड नाही. उभ्या कुस्तीतून गडी थेट धोक्याच्या स्थितीत गेला, म्हणजे त्याची पाठ जमिनीशी काटकोनाहून कमी कोन करू लागली, तर चार. नुसता ताबा घेऊन खाली आणला तर दोन. सिकंदर पाठीवर गेला की पडतापडता कुशीवर वळला, एवढंच बघायचं होतं.

अशा वादात तालमीतलं पोरगं लिहितं, ‘पाठ गेलीच न्हाई, खांदा फिरलाय, दोनच गुन होत्यात.’ टांग लागते पायाला, पण या पोराची नजर खांद्यावर आहे. जाणकाराची नजर ती हीच. त्याचं म्हणणं खोडायचं तर खांदा बघूनच खोडावं लागेल. आपल्यातला विद्वान काय करतो? ‘गुन नव्हे गुण, एवढं कळत नाही कि?’ म्हणून हात झटकतो. त्याचा स्वतःचा ‘की’ ऱ्हस्व आहे, ते जाऊ द्या. मूळ प्रश्नाला त्यानं हातच लावलेला नसतो. सलामी न देताच हा विजयाची गदा मागतो!

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. पात्राच्या तोंडचं बोलणं बोलीप्रमाणे लिहायला त्यांतही मुभा आहे. म्हणजे कादंबरीतला पैलवान ‘गुन’ म्हणाला तर ती अस्सल ग्रामीण शैली, त्यावर पुरस्कार. खरा पैलवान म्हणाला तर अडाणी. हा दुटप्पीपणा मला मान्य नाही. प्रमाण लेखन हवंच. पाठ्यपुस्तकात हवं, सरकारी कागदात हवं. समोरच्याचं तोंड बंद करायला मात्र ते वापरू नका.

पैलवान मंडळींनाही सोडत नाही. त्या लढतीनंतर पंचांना धमकावल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. डावावरचा वाद जातीधर्मावर नेणारेही कमी नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला, तो मैदानात कुस्ती मारून. शिवीगाळ करणाऱ्यांनी त्याला तो किताब मिळवून दिला नाही.

तालमीतलं ज्ञान लिहून ठेवणं हे खरं आपलं काम. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत उभा केला. आज आपण काय करतोय? ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी हे डाव कसे मारतात आणि त्यांवर तोड काय, हे सांगणारे वस्ताद म्हातारे झाले आहेत. त्यांच्याकडे वही-पेन घेऊन आपल्यापैकी कितीजण गेले?

म्हणून या मंचावरून ठराव मांडतो: या संमेलनाच्या शिलकीतून वस्तादांचं बोलणं त्यांच्याच भाषेत, एक अक्षर न बदलता, पुस्तकरूपानं छापावं. अनुमोदन तालमीतल्या माणसानं द्यावं.