दिले तेच उरले

(व्याख्यानाचे शब्दांकन)



वैशाखाच्या अखेरीस कोकणातील वाड्यांमधून दोन दृश्ये शेजारी शेजारी दिसतात. एका परसात फणस पिकून, गळून, जागीच सडत असतो. घराला कुलूप आणि माणसे मुंबई-पुण्यास. चार घरांपलीकडे एखादी गृहिणी फणसपोळीसाठी बरका फणस शोधत असते. फळ आहे, हातही आहेत. तुटले आहे ते दोहोंना जोडणारे शेजारपण.

हे शेजारपण म्हणजे निव्वळ भाबडी दानबुद्धी नव्हती. कोकमाचेच पाहावे. फळ हाती येते ते पावसाच्या तोंडावर. ते फोडायचे, साल वेगळी करायची, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची, तेव्हा आमसूल सिद्ध होते. बियांचे मुठेल काढायचे ते निराळेच. आभाळ भरून येण्याआधी हे उरकायचे, तर चार घरांचे हात लागावेच लागतात. ओल्या काजूच्या सालीतील तेलाने हात भाजतात. ते कसे टाळावे, आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी कशा राखाव्यात, हे शेजारच्या आजीजवळ बसूनच उमगते. ती आजी गेली की एक विद्यालयच बंद होते.

वाटून घेण्याचे खरे मोल ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दाखवून दिले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात सुपारी, नारळ, आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. फणसाची आठळी रुजवली, तरी नवे झाड मूळ झाडाच्या चवीचे निघेलच असे नसते. ती चव कलमच राखते. म्हणून ज्याने आपल्या झाडाची काडी पूर्वीच शेजाऱ्याला दिली असेल, त्याचे झाड कोसळले तरी वाण दुसऱ्याच्या अंगणात जिवंत राहते. ज्याने ती दिली नाही, त्याचे झाडाबरोबर वाणही जाते. दिले तेच उरते, हा केवळ उपदेश नव्हे. हा बागायतीचा रोकडा नियम आहे.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुधारित जाती दिल्या. १९९० मध्ये राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. बागा वाढल्या, ही समाधानाची गोष्ट. परंतु पणजोबांच्या परसातील फणसाचे वाण राखण्याचे काम शासनाचे नव्हे, समाजाचे आहे. व्यक्ती आणि समाज परस्परपूरक आहेत, हे पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत मांडले. ते तत्त्व अंगणात उतरवण्याचा हा सोपा मार्ग होय.

वस्तीवस्तीत जुन्या झाडांची नोंद व्हावी. बंद घरांच्या मालकांनी फळ उतरवण्याची मुभा शेजाऱ्यांना द्यावी. सुटीत गावी आलेल्या मुलांना आजीने आमसूल शिकवावे आणि जाणत्या माळ्याने कलम बांधायला शिकवावे. तो माळी कोणत्या वाडीचा, कोणत्या जातीचा, हे झाड विचारत नाही. माणसांनीही विचारू नये.