मूठ, चिमूट आणि वाटी

श्रोतेहो, महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाने रोजच्या स्वयंपाकावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. आमच्या घरी तर नवलापेक्षा हसूच अधिक झाले. "अहो, इतकी वर्षं तुम्ही स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला येत होता," असे सौ. म्हणाली, आणि ते खरे आहे. भाकरी ताटात येते, ती कशी येते याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करण्याची वेळ दोन वर्षांपूर्वी आली.

त्या पावसाळ्यात सौ. अंगणात घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले. पहिला आठवडा आम्ही डबा आणून काढला. दुसऱ्या आठवड्यात बारा वर्षांच्या मुलाचे पोट बिघडले, तेव्हा मी गावाकडून आईला घेऊन आलो. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, भीमेच्या काठी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिकणाऱ्या ज्वारीची कीर्ती आपण ऐकली असेल. आमचा मुलूख त्याच्याच शेजारचा. आईने सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले. तिला ओट्याशी उभे राहणे जमेना. मग ठरले असे की, तिने खुर्चीवर बसून सांगायचे आणि आम्ही बापलेकांनी करायचे.

पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. मी विचारले, "आई, पिठात पाणी किती घालू?" ती म्हणाली, "त्यात काय इचारायचं? लागंल तेवढं घाल." मीठ किती? "चवीपुरतं." तव्यावर भाकरी किती वेळ ठेवायची? "हुईस्तवर." श्रोतेहो, ही उत्तरे चुकीची नाहीत. ज्याच्या हाताला पन्नास वर्षांची सवय आहे, त्याच्यासाठी ती अगदी बिनचूक आहेत. पण ज्याने परातीत कधी हात घातलेला नाही, त्याने यातून काय समजायचे? युक्ती मुलाने काढली. आजीने डब्यातून मूठभर पीठ काढले, की तो म्हणे, "आजी, थांब, आधी वाटीत टाक." वाटीने मोजून तो वहीत लिही आणि मग ते पीठ परातीत जाई. अशा रीतीने आम्हाला कळले, की आमच्या आईची मूठ म्हणजे अर्ध्या वाटीला किंचित कमी, तिची ओंजळ म्हणजे दोन वाट्यांना थोडी अधिक, आणि मिठाची चिमूट तर आपल्या चिमटीच्या दुप्पट!

वाटी-चमच्याचे हे माप काही आमचा शोध नव्हे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले, आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा हीच मापे धरली, म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना ते आपले वाटले. पण पुस्तक वाचताना पुस्तकाची वाटी हाती येते, आपल्या घरची मूठ येत नाही. ती मोजायची तर तो हात समोर असावा लागतो.

आता प्रत्यक्ष भाकरीकडे येऊ. चार भाकऱ्यांना दोन वाट्या ज्वारीचे पीठ आणि सुमारे दीड वाटी पाणी. पाणी कडकडीत तापलेले हवे. पिठात खळगा करून त्यात ते ओतायचे, उलथन्याने हलवायचे, हाताला सोसेल इतके निवले की मळायला घ्यायचे. यामागचे कारण शिक्षकबंधूंना वर्गात सांगता येईल. गव्हाच्या कणकेत ग्लूटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो, त्यामुळे पोळी लाटली की ताणते. ज्वारीत ग्लूटेन नाही. तिच्या पिठाला धरून ठेवण्याचे काम तिच्यातल्या स्टार्चने करायचे असते, आणि गरम पाण्याने स्टार्च फुगून चिकट होतो, तेव्हाच ते होते. थंड पाण्यात भिजवलेल्या नवशिक्याच्या भाकरीचा थापताना नकाशा होतो. माझ्या पहिल्या भाकरीला मुलाने 'कोकणपट्टी' असे नाव दिले होते.

मळण्यात कसूर करू नये. एका भाकरीचाच गोळा घ्यावा आणि तळहाताच्या मुळाने तो रगडत राहावे, कडा चिरत नाहीत अशी खात्री झाली की थापावे. मीठ घालण्याची आमच्याकडे पद्धत नाही. थापलेली भाकरी उचलून तव्यावर टाकताना खालची, पिठाची बाजू वर यावी. तिच्यावर लगेच हाताने पाणी फिरवावे. ते पाणी पुरते सुकण्याच्या आत भाकरी उलटावी. ही घटका ज्याला साधली त्याला भाकरी साधली. सुकू दिले तर भेगा पडतात, घाई केली तर भाकरी तव्याला धरते. पाण्याची बाजू भाजली, की दुसरी बाजू विस्तवाला दाखवायची. चुलीपुढच्या आरावर भाकरी जशी टम्म फुगते, तशी ती गॅसच्या ज्योतीवरही फुगते; आईला हे मान्य नाही, पण खाताना तिने तक्रार केली नाही.

आणखी एक गोष्ट. गिरणीतून पीठ आठवड्यापुरतेच आणावे. जुन्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, भाकरी तुटते. अशा वेळी टाकून देण्याऐवजी पाणी पातेल्यात उकळून त्यातच पीठ टाकावे, झाकण ठेवून वाफ आणावी आणि ती उकड मळावी. ही तोड आईने १९७२ च्या दुष्काळात शिकलेली. तेव्हा ती नवी नवरी होती. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याचे पीठ हाताशी काही केल्या जुळेना. दुष्काळी कामावरून आल्यावर सासूने तिला उकड काढायला शिकवले. "मिलो खाल्ला, पर तुकडं खाल्लं न्हाईत, भाकरीच खाल्ली," हे सांगताना तिचा स्वर अजून ताठ होतो.

भाकरीच्या जोडीला पिठले. चार माणसांना एक वाटी डाळीचे पीठ आणि तीन वाट्या पाणी. दोन कांदे, सहा-सात लसूणपाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या. दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग जिरे, हिंग, लसूण, मिरची, शेवटी कांदा. कांदा मऊ झाला की हळद, पाणी, मीठ. पाण्याला चांगली उकळी फुटली, की डाव्या हाताने पीठ वैरत जावे आणि उजव्या हाताने ढवळत राहावे. वैरणे हा शब्द आता शहरातल्या मुलांना ठाऊक नाही. मुठीतून थोडे थोडे पीठ आधणात सोडत जाणे, एवढाच त्याचा अर्थ. गुठळ्यांची भीती वाटत असेल त्याने पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यावे, काही बिघडत नाही. मात्र मंद आचेवर झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ येऊ द्यावी. कच्चे राहिलेले डाळीचे पीठ पोटात धरते.

शक्य तर पिठले लोखंडी कढईत करावे आणि झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढावे. लोखंडी भांड्यातून अन्नात थोडे लोह उतरते. ताटात लिंबाची फोडही असावी, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह शरीराला अधिक लागू पडते. ही बाब किरकोळ मानू नका. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. भाकरी थापणारे हात बहुधा हेच. सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्यात जेवायचे ही आपल्याकडची रीत, तिचाही या आकड्यात वाटा असणार असे मला वाटते. लिंबाच्या एका फोडीने ही उणीव भरून निघणार नाही, हे मी जाणतो. पण कढई आणि लिंबू यांना वेगळा खर्च नाही, आणि पिठले आधी तिच्या ताटात वाढायला तर मुळीच नाही.

ज्वारीबरोबर डाळ खाण्यातही एक शहाणपण आहे. प्रथिनांच्या बांधणीत लागणारे लायसिन नावाचे द्रव्य ज्वारीत कमी, ते डाळीत भरपूर. आणि डाळीत जे कमी पडते ते धान्यात असते. आईला यातले नाव एकही ठाऊक नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून जाहीर केले, तेही तिला मीच सांगितले. "बरं झालं," म्हणाली, आणि जेवू लागली. दरम्यान आमच्याच गावात कितीएक घरी भाकरी एका वेळेवर आली आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात. ज्वारी विकत घ्यावी लागते, आणि पोळी लाटायला सोपी. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण ज्या घरात दहा वर्षे भाकरी झाली नाही, त्या घरातल्या मुलीला ती येणार कोठून?

मुलीला, आणि मुलालाही. गेल्या वर्षी मी अकरावीच्या वर्गाला निबंधाऐवजी काम दिले : घरातला रोजचा एक पदार्थ, करणाऱ्या माणसाजवळ बसून, मापासकट लिहून आणा. निम्म्यांनी मोबाइलवर पाहून लिहिले, ते ओळखू येत होते. त्यांच्या आमटीत आमच्या तालुक्यात न मिळणारी पाने होती. उरलेल्यांच्या वह्या मात्र मी जपून ठेवल्या आहेत. एका विद्यार्थ्याने शेंगदाण्याची चटणी लिहिली होती : दोन वाट्या भाजलेले दाणे, दहा-बारा लसूणपाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरे, मीठ, तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचे, मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवायचा. दाणा काळा, खवट किंवा बुरशी धरलेला असेल तर फेकून द्यायचा, हेही त्याने लिहिले होते, आणि ते फार योग्य. तसल्या बुरशीचे विष भाजूनही पुरते जात नाही. शेवटी एक ओळ होती. "आई पहाटे मजुरीला जाते म्हणून ही चटणी मीच करतो." तीन वर्षे तो मुलगा माझ्यासमोर बसत होता. त्याचे अक्षर वाईट म्हणून मी त्याला दर खेपेला बोललो होतो.

शिक्षक श्रोत्यांनी हे काम आपल्या शाळेत देऊन पाहावे. पाचवी-सहावीची मुलेही वाटीने मोजू शकतात, आणि गणिताच्या तासाला ओंजळ-वाटीचे प्रमाण काढता येते. मात्र उशीर करू नये, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आमच्या वहीत भाकरी, पिठले, आंबील, शेंगोळे, असे सतरा पदार्थ आहेत. अठराव्या पानावर 'काळं तिखट' एवढेच शीर्षक आहे. मसाला उन्हाळ्यात करायचा असतो, तेव्हा पाहू, असे म्हणून आम्ही ते ठेवून दिले. उन्हाळा आला तेव्हा आईला विसरायला होऊ लागले होते. खोबरे, धने, दगडफूल अशी नावे ती सांगते. किती, हे विचारले की पूर्वीसारखे "लागंल तेवढं" म्हणत नाही, माझ्याकडे पाहत राहते. धाकट्या मावशीला विचारून आम्ही यंदा मसाला केला. चांगला झाला, पण तो मावशीच्या घरचा झाला.

काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण होत आहे. तेव्हा शिळ्या भाकरीचे सांगून थांबतो. दोन शिळ्या भाकऱ्या हाताने बारीक कुस्कराव्या, त्यावर पाण्याचा हबका मारून पाच मिनिटे झाकाव्या. चमचाभर तेलात मोहरी, कढीलिंब, चिरलेला कांदा, मूठभर दाणे आणि हळद-तिखट परतून त्यात कुस्करा घालावा, मीठ टाकून एक वाफ आणावी, वर कोथिंबीर आणि लिंबू. मूठभर दाणे म्हणजे किती, असे विचाराल, तर आमच्या घरी पाव वाटी. ही आता मुलाची मूठ आहे. रविवारी सकाळी कुस्करा तोच करतो आणि पहिली बशी आजीला नेऊन देतो.