दुसऱ्याचा माल
आमच्या कन्नड तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. म्हणूनच डॉ. श्रीराम लागूंच्या आत्मचरित्राचे ‘लमाण’ हे नाव वाचून मी थबकलो. कान-नाक-घशाच्या या शल्यविशारदाने १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली. १९७० मध्ये ‘नटसम्राट’चे अप्पासाहेब उभे केले, पुढे ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘सिंहासन’ हे चित्रपट गाजवले. २०१९ मध्ये ते गेले. एवढी कीर्ती मिळूनही त्यांच्या लेखी नट म्हणजे लमाणच. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत नेणारा. पूर्वी लमाण बैलांवर धान्य-मीठ लादून नेत. माल दुसऱ्याचा, पण वाटेत सांडायचा नाही. मी शिक्षक. धडाही दुसऱ्याचाच असतो. तो न सांडता मुलांपर्यंत पोचवला का, हे आता रोज स्वतःला विचारतो.