परतीचा पंखा



मी कोल्हापूरचा. आमच्या गावाला समुद्र नाही. रंकाळा आहे, पंचगंगा आहे, आणि एखाद्या पावसाळ्यात पंचगंगाच आमच्या घरी येते, एवढाच आमचा पाण्याशी संबंध. शिवाय मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. अशा माणसानं मासेमारीच्या होडीचा पंखा कसा निवडावा या विषयावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मात्रा मोजण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला इंजिनाचे फेरे मोजायची वेळ आली. ती कशी आली, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबर महिन्यात रत्नागिरीहून भाच्याचा फोन आला. "मामू, कोल्हापुरात पंखा दुरुस्त होतो का?" मी म्हटलं, "होईल की. छताचा का टेबलाचा?" एरवी हा मुलगा माझ्या साध्या बोलण्यावरही हसतो. त्या दिवशी हसला नाही. "होडीचा, मामू," एवढंच म्हणाला.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, रत्नागिरीला दिलेली. तिथल्या राजीवडा, मिरकरवाडा या भागांत मुस्लिम मच्छीमारांची घरं पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आली आहेत. भाच्याची होडी लहान, चोवीस फुटी, फायबरची. तिच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं ९.९ अश्वशक्तीचं इंजिन. इंजिनाच्या खाली पाण्यात जे फिरतं, त्याला इंग्रजीत प्रोपेलर म्हणतात, आपले मच्छीमार पंखा म्हणतात. होडीवर कर्ज होतं, इंजिनावर वेगळं कर्ज होतं.

झालं होतं असं. हंगाम सुरू होताना त्यानं नवा पंखा घेतला. दुकानदारानं सांगितलं, "हा मोठ्या पीचचा घे, होडी उडेल." आणि खरोखर उडाली. सकाळी रिकामी होडी घेऊन निघाला, की बरोबरीच्या होड्या मागे पडायच्या. पण त्या संध्याकाळी जाळ्यात बांगडा भरपूर आला. होडी दबली. वारा फिरला, लाटा वाढल्या. मूठ पूर्ण पिळली तरी इंजिन गुरगुरत राहिलं, फेरे धरीना. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी वाळू साचते, तिथं लाटा फुटतात. तिथून आत येताना होडीत जोर लागतो. नेमक्या त्या जागी तापलेलं इंजिन बंद पडलं. पंखा वाळूला घासला. भाचा आणि बरोबरचा पोरगा, दोघं वल्ह्यांनी होडीचं तोंड लाटेकडे धरून बसले. दुसऱ्या होडीनं दोर टाकून ओढून आणलं, तेव्हा अंधार पडून दीड तास झाला होता. आपा तोवर किनाऱ्यावर उभी होती. मगरिबची नमाज तिनं तिथंच वाळूवर पढली.

भाचा एसटीनं आंबा घाट चढून कोल्हापूरला आला. पोत्यात गुंडाळलेला पंखा घेऊन आम्ही दोघं उद्यमनगरात गेलो. कोल्हापूर हे गूळ आणि चपलांचं गाव म्हणून लोकांना ठाऊक आहे, पण ते ओतकामाचंही गाव आहे. शेतीची ऑइल इंजिनं आणि पंप इथं पूर्वीपासून बनतात. तिथं एक म्हातारे मिस्त्री माझ्या ओळखीचे. त्यांचा जन्म पंपाच्या इंपेलरवर गेला. त्यांनी पंखा हातात घेतला, बोटानं एकेक पातं चाचपलं आणि म्हणाले, "होडीतलं मला कळत न्हाई, कविराज. पर फिरणारं पातं कळतं. ह्याची कड वाकलीय, ती सरळ करून देतो. पर ह्यो पंखा तुमचा न्हवंच."

मी विचारलं, "याचीच नक्कल ओतून देता येईल?" ते म्हणाले, "ओतून दिसायला सारखा हुईल. तीनही पात्यांचा पीळ सारखा आला न्हाई, वजन सारखं आलं न्हाई, तर फिरताना थरथरंल आणि शाफ्टचं बेअरिंग खाईल. पैसं घेईन मी, पर घेणार न्हाई." असा माणूस आजकाल भेटत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग त्यांनी पंख्याच्या मधल्या भागावरचे आकडे दाखवले. तिथं दोन संख्या असतात. पहिली व्यासाची. भाच्याच्या पंख्यावर ती सव्वानऊ इंच होती. दुसरी पीचची, म्हणजे पिळाची. ती अकरा होती. पीच म्हणजे काय? लाकडात स्क्रू पिळला, की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. पंखाही तसाच. अकरा पीच म्हणजे एका फेऱ्यात पंख्यानं अकरा इंच पुढं सरकायचं. हा झाला हिशेब कागदावरचा. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, ते निसटतं, म्हणून होडी अकरा इंच कधीच जात नाही. होडी जितकी जड, तितकं हे निसटणं जास्त.

"उसाचा ट्रॅक्टर बघितलाय न्हवं?" मिस्त्रींनी भाच्याला विचारलं. "दोन ट्रॉल्या भरून चढाला लागला, तर ड्रायव्हर कुठला गिअर टाकतो?" भाचा म्हणाला, "खालचा." "आणि वरच्याच गिअरवर दामटला तर?" "इंजिन दबेल. बंद पडेल." मिस्त्री म्हणाले, "मग तुझ्या होडीला गिअर किती?"

भाचा गप्प झाला. होडीच्या इंजिनाला पुढे, मागे आणि मोकळं, एवढंच असतं. चढ आला म्हणून खालचा गिअर टाकायची सोय नाही. जो पंखा तुम्ही घरून बसवून निघालात, तोच तुमचा एकुलता एक गिअर. त्या क्षणी मला हा सगळा विषय कळला. दुकानदारानं भाच्याला रिकाम्या होडीचा गिअर विकला होता, आणि होडी तर भरून परत यायची होती.

जास्त पीळ म्हणजे जास्त वेग, ही चूक फार जुनी आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक इंग्लिश शेतकरी होता. त्यानं १८३६ साली जहाजाच्या स्क्रूचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला स्क्रू लाकडी होता आणि त्याला दोन पूर्ण वेढे होते. कालव्यात चाचणी घेताना तो कशावर तरी आपटला आणि जवळजवळ अर्धा तुटून गेला. स्मिथला वाटलं, संपलं. पण होडी आधीपेक्षा जोरात पळायला लागली. पुढच्या स्क्रूला त्यानं एकच वेढा ठेवला.

आता योग्य पंखा ओळखायचा कसा? याला अंदाज लागत नाही, मोजमाप लागतं. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत एक ओळ असते: मूठ पूर्ण पिळल्यावर मिनिटाला किती फेरे व्हायला हवेत. भाच्याच्या इंजिनाचे ४५०० ते ५५०० दिले होते. फेरे मोजायला एक छोटं मीटर मिळतं, स्पार्क प्लगच्या वायरीला त्याची तार गुंडाळली की आकडा दिसतो. मी भाच्याबरोबर रत्नागिरीला गेलो. होडीत दोघं जण, जाळी, बर्फाची पेटी आणि माशांच्या जागी वीस वीस लिटरचे पंधरा कॅन पाण्यानं भरून ठेवले. म्हणजे तीनशे किलोंचं ओझं झालं. खाडीत शांत पाण्यावर मूठ पूर्ण पिळली. मी मीटर वाचत होतो.

अकराच्या पंख्यावर आकडा ४२०० च्या वर जाईना. म्हणजे इंजिन दबत होतं. असं दबलेलं इंजिन तापतं, आत काजळी धरतं, तेल जास्त पितं आणि अडचणीच्या वेळी दगा देतं. पीच एक इंच कमी केला, की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात, असा ठोकताळा आहे. आम्ही नवा पंखा विकत घेतला नाही. शेजारच्या होडीवर त्याच इंजिनाचा नऊ पीचचा पंखा होता, तो तासाभरासाठी मागून घेतला. आकडा ४६०० वर गेला. मग कॅन उतरवून रिकामी होडी पळवली. हे दुसरं माप विसरायचं नाही, कारण पीच फार कमी झाला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं आणि लवकर झिजतं. रिकामीला ५३५० आले. दोन्ही आकडे पुस्तिकेतल्या हद्दीत. पंखा ठरला.

ज्यांचं इंजिन रॉकेलवर चालतं, त्यांनी ही चाचणी रॉकेलवरच घ्यावी. पेट्रोलपेक्षा रॉकेलवर ताकद कमी मिळते. पेट्रोलवर जुळवलेला पंखा रॉकेलवर जड जातो.

आणखी चार गोष्टी त्या दोन दिवसांत मी शिकलो. पंखा आपल्याच इंजिनाच्या मॉडेलचा हवा, शाफ्टवरचे दाते जुळले पाहिजेत. स्टीलचा पंखा मजबूत, पण दगडावर आपटला तर धक्का आत गिअरपर्यंत जाण्याचा धोका जास्त. अॅल्युमिनियमचा वाकतो, पण आतलं यंत्र वाचवतो. खडक आणि वाळूच्या किनाऱ्यावर लहान होडीला म्हणूनच तो बरा. इंजिन फळीवर फार वर अडकवलं, तर पंखा हवा ओढतो आणि नुसताच गरगरतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या रेषेत असावी. आणि जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला, तर आतलं ऑइल सील कापतो. अधूनमधून पंखा काढून बघावं, गिअरचं तेल दुधासारखं दिसलं तर पाणी आत गेलं असं समजावं. जुना पंखा फेकू नये. एक जादा पंखा, खिळ आणि पाना होडीत असलाच पाहिजे.

हे सगळं झालं, तरी भाच्याचं तोंड उतरलेलंच होतं. मी विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "आता जाताना मी मागे पडणार, मामू. धक्क्यावर पोरं हसतील." वय पंचवीस. त्याचं बरोबर होतं. रिकाम्या होडीचा वेग आता थोडा कमी झाला होता, आणि सकाळी धक्क्यावर सगळे तोच वेग बघतात. भरलेली होडी लाटांतून कशी आली, हे बघायला अंधारात फक्त घरातली माणसं उभी असतात.

मला तेव्हा ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीकडे एनडीआरएफच्या रबरी बोटी जाताना मी पाहिल्या आहेत. अशाच मागे अडकवलेल्या इंजिनांच्या. जाताना बोटीत दोन-तीन जवान. येताना म्हाताऱ्या बायका, लेकरं, गाठोडी, कुणाच्या काखेत शेरडू. तिथंही खरं काम परतीचंच होतं. आणि त्याच पुरात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. म्हणून हेही सांगायला हवं, की कितीही अचूक पंखा लावला, तरी पेलण्यापलीकडे भरलेल्या होडीला तो वाचवत नाही. आधी ओझं ठरवायचं, मग पंखा.

मी भाच्याला एवढंच म्हटलं, "पोरं सकाळी हसतील. संध्याकाळी तू त्यांच्या आधी घरी ये." त्यानं नऊचा पंखा घेतला. अकराचा, मिस्त्रींनी सरळ केलेला, जादा म्हणून होडीत ठेवला.

परवा आपाचा फोन आला होता. मी मुद्दाम इंजिनाची चौकशी केली. ती म्हणाली, "त्यातलं मला काय कळतंय? तेलाचं बिल कमी आलंय म्हणतो. पण आता मगरिबला मी घरीच असते."