शेळी घ्यायची तर हात लावून घ्या
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत पशुसखीने केलेलं भाषण)



यंदा बऱ्याच जणींनी गटातून शेळीसाठी कर्ज मागितलंय. चांगली गोष्ट आहे. पण एक विचारते. कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपण भरणार, मग बाजारात शेळी बघायला जातं कोण? बहुतेक घरांत मालक नाहीतर दीर. हेडी रुमालाखाली बोटं धरतो, सौदा होतो आणि दावं आपल्या हातात येतं. शेळी खोकत आली की निस्तरायचं आपणच! म्हणून सोबत कुणालाही न्या, पण स्वतः जा आणि स्वतः तपासा.

आधी लांबून बघा. निरोगी शेळी सावध असते, कान हलवते, चारा टाकला की तोंड घालते, निवांत बसली की रवंथ करते. कळपापासून बाजूला मान खाली घालून उभी असेल, तर भाव कितीही कमी असो, पुढे चला. दोन पावलं चालवून लंगडते का तेही बघा.

मग जवळ जा. नाकातून शेंबूड, डोळ्यांत चिपडं, तोंडात फोड नकोत. डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढा. आतून लालसर गुलाबी हवी. पांढरीफटक दिसली तर अंगात रक्त नाही. बहुतेक वेळा पोटात जंत असतात. शेपटी उचलून बघा. मागची बाजू हगवणीने बरबटलेली नको, लेंड्या सुट्या आणि घट्ट हव्यात.

वय दातांवरून कळतं. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, म्हणून खालचे बघायचे. आठही दात बारीक, दुधाचे असतील तर ती साधारण वर्षाच्या आतली पाट. मधले दोन मोठे आले की सव्वा-दीड वर्षाची, चार मोठे म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. आपल्याला दोन किंवा चार दातीच बरी, पुढे बरीच वेतं मिळतात. दात झिजलेले, पडलेले असतील तर शेळी म्हातारी.

कास दाबून बघा. मऊ हवी, दोन्ही सड सारखे हवेत, आत गाठ नको. बाजारात कास भरलेली दिसावी म्हणून सकाळची धार काढत नाहीत, तेव्हा तिथेच थोडं दूध काढून बघा. दुधात गुठळी किंवा रक्त आलं तर सोडून द्या. गाभण म्हणून जास्त भाव सांगत असतील तर हिशोब करा. शेळी पाच महिन्यांनी विते. चार महिने झालेत म्हणाला, तर उजव्या कुशीला हात लावल्यावर करडू हलताना लागायला हवं. आधी किती वेतं झाली, कधी गाभडली का, हेही विचारा.

दिसायला उंच म्हणून लांबची जात आणायची घाई नको. आपली उस्मानाबादी इथल्या उन्हाला, चाऱ्याला सरावलेली आहे, जुळी करडंही देते. आणि बाजारापेक्षा ओळखीच्या घरची शेळी केव्हाही बरी. तिची आई, करडं, दूध, सगळं डोळ्यांना दिसतं.

घरी आणली की खरी परीक्षा. शेजारच्या वाडीत एकीने बाजारातली शेळी त्याच संध्याकाळी कळपात सोडली. पंधरा दिवसांत घरच्या तीन गेल्या. शेळ्या गेल्या, हप्ता नाही गेला. म्हणून नवी शेळी २१ दिवस वेगळी बांधा. तिचं पाणी, चाऱ्याचं भांडं वेगळं ठेवा. आधी घरच्यांचं करा, मग तिचं, आणि हात धुवा. या दिवसांत डॉक्टरांना दाखवून जंताचं औषध द्या, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस कधी टोचायची ते ठरवा. विमा काढून कानाला बिल्ला मारून घ्या. बिल्ला पडला तर लगेच कळवा, नाहीतर भरपाई अडते.

शेवटचं सांगते. एकटीला बाजारात जायला अवघड वाटत असेल, तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. एकीने दात बघा, एकीने कास, एकीने भाव बोला. पहिल्याच बाजारात मनासारखी मिळाली नाही तर रिकाम्या हाताने परत या. बाजार आठवड्याने पुन्हा भरतोच.