खाणीचा कडा : वर रान आपलं, खाली जीव आपला

(खाणीलगतच्या गावांच्या शिबिरातलं बोलणं, लिहून काढलेलं)



आज सातबाऱ्यावर नाही, कड्यावर बोलायचं आहे. पण दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे बोलता बोलता कळेल.

सातारा-सांगलीकडं डोंगर फोडून खडी काढतात. खाणीच्या वर आपलं नाचणी-वरीचं वरकस रान असतं. खाली घण मारणारा कातकरी असो नाहीतर वडार, तो बी आपलाच. कडा ढासळला तर दोघांचंही जातंय. मालकाचं काय जातंय? दोन दिवसांचा खाडा.

मुकादम म्हणतो, "दगड पक्का आहे, काय होत नाही." दगड पक्का असतोच. कच्ची असते ती भेग. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांमागं भाकरीच्या चवडीसारखा थरावर थर पसरलेला लाव्हा. थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. तो भिजला की मऊ होतो, झिजतो, आणि वरचा दगड अधांतरी राहतो. पावसाळ्यात उभ्या भेगेत पाणी भरतं, ते दगडाला आतून बाहेर रेटतं. सुरुंगानं भेगा आणखी उघडतात. त्यात कोयनेचे धक्के. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पाटण खोऱ्यात कोण विसरेल?

मग कडा तपासायचा कसा? इंजिनिअरची वाट बघायला नको. एवढं आपल्यालाही करता येतं :

१. पहारीनं दगड ठोकायचा. खणखणीत वाजला तर बसलेला, बद्द वाजला तर सुटलेला. सुटलेला दगड बाजूला उभं राहून, वरून खाली पाडत यायचं. तो पडेपर्यंत खाली कुणी जायचं नाही.

२. भेगांचा उतार कुठं आहे बघायचं. डोंगराकडं असेल तर थोडा धीर. खाणीकडं असेल तर तो दगड घसरगुंडीवर बसलाय असं समजा.

३. कड्यावर रानात भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि मधलं अंतर मोजून तारखेसकट वहीत लिहा. पावसाळ्यात रोज मोजा. अंतर वाढलं म्हणजे कडा चाललाय. मग वर जनावरं नाहीत, खाली माणूस नाही.

४. तांबड्या पट्ट्यातून पाणी झिरपायला लागलं, किंवा थांबून थांबून बारीक खडे गळायला लागले, तर काम बंद.

आता कायदा. धातू-खाणींची १९६१ ची नियमावली दगडखाणींनाही लागू आहे. ती सांगते : मुरूम-मातीचा उतार ४५ अंशांपेक्षा उभा नको, नाहीतर दीड-दीड मीटरच्या पायऱ्या. कठीण दगडात पायरी सहा मीटरपेक्षा उंच नको. काठापासून तीन मीटरपर्यंत सुटा दगड, झाड, राडारोडा नको. आणि कड्याचा पाय खालून पोखरायचा नाही. छोट्या खाणींना १९५२ च्या कायद्यात सवलत होती खरी. पण खोली सहा मीटरपेक्षा जास्त झाली, पन्नासाच्या वर माणसं लावली किंवा सुरुंग उडवला, यातलं एक जरी घडलं तरी ती सवलत जायची.

पायऱ्या का सोडत नाहीत? हिशोब करा. अठरा मीटर खोल खाण, सहा-सहा मीटरचे तीन टप्पे, मध्ये दोन पायऱ्या. एकेक पायरी सहा मीटर रुंद धरली तर बारा मीटरचा दगड मालकाला सोडावा लागतो. तो सोडत नाही. सरळ उभा कडा कापतो. मग पावसात कडा आपली पायरी आपणच करून घेतो, आणि ती आपल्या रानातून कापली जाते. ना मोजणी, ना नोटीस, ना मोबदला. म्हणून म्हटलं, कडा आणि सातबारा एकच.

फक्त अर्ज दिला म्हणजे झालं असंही नाही. वेल्समधल्या अॅबरफॅन गावात डोंगरावर कोळसाखाणीचा राडारोडा झऱ्यावर रचला होता. गावानं आधी लेखी तक्रारी केल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९६६ ला तो ढीग शाळेवर आला. ११६ पोरं आणि २८ मोठी माणसं गेली. चौकशीत दोष कोळसा मंडळाचा निघाला, पण पोरं परत आली नाहीत.

म्हणून तीन गोष्टी ठरवून उठू. प्रत्येक खाणीवर एक वही : वरचा शेतकरी आणि खालचा कामगार दोघांनी मिळून लिहायची. वहीची नक्कल तहसीलदाराला आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाला, पोच घेऊन. आणि ब्रासवर मजुरी असली तरी सुटलेला दगड पाडायच्या वेळेची मजुरी वेगळी मिळालीच पाहिजे. ती मिळत नाही म्हणूनच माणूस बद्द आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

वही बोलली की काम थांबलं पाहिजे. ते थांबवायला वरचे आणि खालचे, दोघं एकत्र उभे राहू.

जिंदाबाद!