परदेशी कोण?

साताऱ्यास आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुधाचा व्यवसाय करणारे एक कुटुंब राहत असे. त्यांच्या तीन पिढ्या तेथे गेल्या होत्या. मराठी ती माणसे आमच्याइतक्याच सफाईने बोलत. आमच्या घरच्या कार्याला येत, पंक्तीला बसत. तरीही सारी गल्ली त्यांना ‘परदेशी’ या नावानेच ओळखी, कारण त्यांचे मूळ घर उत्तरेकडचे. त्या शब्दाचे त्यांना स्वतःला काय वाटत असेल, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. तो पडण्यासाठी मला स्वतःला परदेशी व्हावे लागले.

१९७२ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस माझे लग्न झाले आणि मुंबईहून पंजाब मेलने मी ग्वाल्हेरला, म्हणजे नेमके सांगावयाचे तर लष्करात, आले. माहेरच्या मंडळींना वाटे की, जावई सैन्यात आहेत. वस्तुतः लष्कर हा ग्वाल्हेर शहराचाच एक भाग. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ पुन्हा हलला नाही आणि त्या तळाचेच शहर झाले. आजही तेथे ‘चिटणीस की गोठ’ नावाची वस्ती आहे. ही गोठ म्हणजे आपला जुना गोट. छावणीतील तो गोट. वाड्याचा तेथे ‘बाड़ा’ झाला आहे. शिंद्यांचे सिंधिया झाले आणि आपल्या ग्वाल्हेरातला हकार तर त्या लोकांनी कधी ऐकलेलाच नाही. त्यांचे ते ग्वालियर.

मुलगी एवढ्या लांब, तीही चंबळच्या मुलुखात देता, असे वडिलांना अनेकांनी विचारले होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर बागी मंडळींनी शस्त्रे खाली ठेवली, ती बातमी वडिलांनी वर्तमानपत्रातून कापून जपून ठेवली होती. तेवढाच त्यांना आधार. प्रत्यक्षात मला बंदुकीची भीती कधी वाटली नाही. भीती वाटली ती शब्दांची.

हिंदी आपल्याला येते, असे प्रत्येक मराठी माणसाला वाटते. लिपी एक, निम्मे शब्द एक. परंतु अनोळखी शब्द माणसाला सावध करतो. ओळखीचा शब्दच फसवतो. पहिल्याच आठवड्यात शेजारची सून सांगू लागली की, तिच्या सासऱ्यांचे ‘राजीनामा हो गया’. मी हळहळून विचारले, इतकी चांगली नोकरी का सोडली? तिला काहीच कळेना. तिकडे राजीनामा म्हणजे दोन पक्षांत झालेली तडजोड, आणि त्यांचा जमिनीचा जुना दावा मिटला म्हणून ती पेढे देण्यास आली होती. ‘डिब्बा खाली है’ असे कोणी म्हटले की मी जमिनीकडे पाही. आमच्याहून वडील अशा एका बाईंना मी आदराने ‘ताई’ म्हटले, तर त्यांचा चेहरा उतरला. तिकडे ताई म्हणजे थोरल्या काकांची पत्नी, म्हणजे चांगली पोक्त बाई. आणि या बाई जेमतेम तिशीच्या! दादा म्हटले तर आजोबा होतात, नाना म्हटले तर आईचे वडील. ज्या हाकांनी माणूस जवळ यावा, त्याच हाकांनी मी नात्यांची सारी उतरंड पाडून ठेवीत होते. सहा महिने मी कोणास हाकच मारली नाही. समोर जाऊन उभी राही.

आता सासरच्या घराविषयी. ही मंडळी दौलतरावांच्या काळापासून लष्करात होती. दीडशेहून अधिक वर्षे. घरातील पुरुष बाहेर उत्तम हिंदी बोलत. जुन्या पिढीला उर्दूही येई. पण उंबऱ्याच्या आत मराठी, वरण-भात, पुरणपोळी, नऊवारी, आणि गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तने. पहिल्या दिवशी मला वाटले, मी सातारा सोडलेच नाही. आणि त्याच दिवशी संध्याकाळी सासूबाई खिडकीतून पाहत सहज म्हणाल्या, “आज परदेश्यांकडे काही कार्य दिसते.” मी वाकून पाहिले. ते शेजारचे घर होते, जे त्याच मातीत, कदाचित आमच्या आधीपासून उभे होते. 

शेजारी आम्हांला ‘दक्षिणी’ म्हणत. या शब्दात राग नव्हता, जवळीकही नव्हती. ज्यांचे राज्य होते त्यांची ही माणसे, एवढाच त्याचा अर्थ. आणि खरे तर आमच्या लोकांनी शेजाऱ्यांची भाषा घरात आणली नाही, याचे कारण स्वभाषेचे प्रेम होते तितकेच हेही होते की, त्यांना तसे करण्याची कधी गरज पडली नव्हती. सत्तेच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला शेजार लागत नाही. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला, आणि मग कचेरीत, शाळेत, रेशनच्या रांगेत आम्ही आणि ते एकाच ओळीत उभे राहिलो. आमच्या घरातील जुनी माणसे त्या काळाविषयी हळहळत बोलत. मला मात्र वाटते की, ग्वाल्हेरात राहण्यास त्यांनी खरी सुरुवात केली ती तेव्हा.

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला सांगावयास नको. दुपारी लू वाहू लागली की दारे-खिडक्या बंद, आणि रात्री सारे शहर गच्चीवर. त्या काळी घरांच्या गच्च्या एकमेकींना लागून असत. मध्ये कमरेइतकी भिंत. दिवसा जे शेजारी केवळ मान हलवीत, ते रात्री बाजेवर पडून एकमेकांशी बोलत. माझे हिंदी खऱ्या अर्थाने त्या भिंतीपाशी तयार झाले. पलीकडे अम्माजी असत. शेजारच्या घरातील सर्वांत वडील बाई. कैरीच्या पन्ह्यात त्या भाजलेले जिरे आणि पुदिना घालीत, वेलची-केशराचे आमचे पन्हे त्यांना सरबतासारखे वाटे. यावर आमचा वाद अनेक रात्री चालला आणि अनिर्णितच राहिला.

जून महिन्याच्या आरंभी एके रात्री अम्माजींनी भिंतीवरून विचारले, “बहू, परसों बरगद पूजने चलोगी न?” परवा अमावास्या होती. वटसावित्री आणि अमावास्येला? मी गोंधळले. याचे मूळ पंचांगात आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्ष आला की आमच्या घरात एक महिना चालू असतो आणि भिंतीपलीकडे दुसराच. गोकुळाष्टमी एकाच रात्री येते. पण ती आमच्या श्रावणातली आणि त्यांच्या भाद्रपदातली. राखी पौर्णिमेला त्यांचा श्रावण संपतो, आपला तेव्हा अर्ध्यावर असतो. वटसावित्रीत तर दिवसच निराळा. त्यांच्या बायका ज्येष्ठातील अमावास्येला वडाला सूत गुंडाळतात. आपण त्यानंतर पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला.

मी सासूबाईंकडे पाहिले. त्या बाजेवरूनच, मराठीत, पण पुरेशा मोठ्याने म्हणाल्या, “आपली वटपौर्णिमा असते. परदेश्यांची अमावास्या आपल्याला चालत नाही.”

त्यांना वाटले असावे की, मराठी पलीकडे कळत नाही. एक तर शेजारात जन्म काढलेल्या बाईला ते कळत होते. आणि त्यातला तो एक शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहे. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग अम्माजी अगदी शांतपणे म्हणाल्या, “बहनजी, परदेसी हम हुए कि आप?”

सासूबाईंनी उत्तर दिले नाही. त्या रात्री त्या खाली जाऊन उकाड्यात झोपल्या. अमावास्येला मी गेले नाही. खिडकीतून त्या बायकांचा घोळका जाताना पाहिला. डोक्यावरून हातभर पदर ओढलेल्या त्या साऱ्या, आणि उघड्या चेहऱ्याने खिडकीत उभी असलेली मी. त्यांना माझ्या उघड्या चेहऱ्याचा हेवा वाटत असेल, असे मी मानत आले होते. त्या दिवशी मला त्या घोळक्याचा हेवा वाटला. 

पंधरा दिवसांनी पौर्णिमा आली. मी आणि सासूबाई पूजेचे तबक घेऊन दाराबाहेर पडलो, तो अम्माजी त्यांच्या दारात तयार होऊन उभ्या. न विचारता त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातून घेतला आणि चालू लागल्या. आम्ही फेऱ्या घालीत असताना त्या वडाच्या सावलीत बसून राहिल्या. येताना दोघी म्हाताऱ्या काय बोलल्या ते मी ऐकले नाही; मी मुद्दामच मागे राहिले होते. पुढच्या वर्षी अमावास्येच्या आदल्या रात्री सासूबाईच मला म्हणाल्या, “उद्या जाऊन ये. सूत मात्र आपले ने.” ‘परदेशी’ हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. शेजाऱ्यांना नाव होते, ते त्या घेऊ लागल्या.

घरातल्या भिंती इतक्या जाड असताना ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने एका गोष्टीला मात्र कधीच अडसर घातला नव्हता, ती म्हणजे गाणे. हद्दूखाँ, हस्सूखाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशी, शंकरराव पंडित अशा मराठी घरांत रुजली. निसारहुसेन खाँ तर पंडितांच्या घरीच राहत असत. वासुदेवबुवांकडे शिकण्यासाठी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला येऊन राहिले, आणि त्यांनी परत नेलेली विद्या पुढे विष्णू दिगंबरांच्या हाती पडली. आज पुण्या-मुंबईच्या मैफिलीत ख्यालाची बंदिश ऐकताना ती व्रजभाषेत आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. सासूबाई देवघरात मराठीखेरीज अक्षर उच्चारीत नसत. पण दळण निवडताना त्यांच्या ओठांवर असे ते व्रजातलेच पद. आपण शेजाऱ्याच्या भाषेत गातो आहो, हे त्यांना मी कधी सुचवले नाही.

पण श्रोतेहो, गाण्याचे सुख सांगून भाषेचे दुःख झाकता येत नाही. १९६१ साली ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलन भरले. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, त्या पदावरील पहिल्या स्त्री. त्या मंडपाचे वर्णन सासूबाई मरेपर्यंत सांगत असत. भास्करराव तांबे त्याच शहरात १९४१ साली निवर्तले. त्यांचे बहुतेक आयुष्य हिंदी मुलुखातच गेले होते आणि त्यांची कविता मात्र साऱ्या महाराष्ट्राने आपली मानली. दुसरीकडे मुक्तिबोध बंधू पाहा. थोरले गजानन माधव, जन्म १९१७, ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरचा. ते हिंदीचे मोठे कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार. एकाच आईची भाषा, एकाच घरातली जेवणाची पाने; आणि दोन साहित्ये. हे उदाहरण लोक मोठ्या अभिमानाने देतात. मीही देते. पण देताना मनात येते की, मराठी वाचकाच्या हाती त्यांतला एकच भाऊ थेट आला.

माझा मुलगा दोन्ही भाषा बोलतो. सून त्याच गल्लीतली, हिंदीभाषी घरची. तिने हौसेने मराठी शिकून घेतली, आणि तिच्या मराठीत ‘मी येऊन राहिले आहे’ असे ऐकले की मी दुरुस्त करीत नाही, कारण लष्करातली आमची जुनी मंडळीही तसेच बोलत. प्रश्न नातीचा आहे. ती सातवीत आहे. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. तिला सारे कळते. लिपी तीच असल्याने वाचताही येते. अडते ते एका अक्षरापाशी. ‘ळ’ तिच्या जिभेवर बसत नाही. टिळकांचे ती तिलक करते, बाळाचे बाल करते, आणि केळे मागावयाचे तर ‘केले’ म्हणते. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर मी तिला पाच शब्द म्हणावयास लावते: कमळ, सकाळ, आभाळ, जवळ, मुळा. ती हसते, जीभ टाळूकडे नेते आणि पुन्हा ल म्हणते. कोणी म्हणेल, एका अक्षराचा एवढा आग्रह कशाला? मी स्वतःलाही ते विचारून पाहिले आहे. हा आग्रह सासूबाईंचा आहे की माझा, हे मला अजून नीटसे ठरवता आलेले नाही. गेल्या चैत्रात एकदा ‘आभाळ’ चांगले उमटले होते; दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

अम्माजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली, सासूबाईही गेल्या. गच्च्यांवर आता कोणी झोपत नाही. सून अमावास्येला तिच्या माहेरच्या बायकांबरोबर वडाला जाते, पौर्णिमेला माझ्याबरोबर येते, आणि दोन्ही उपास करते. मला आता उपास झेपत नाही. घरात सध्या एकच अडचण आहे. नातीच्या आजोळच्या थोरल्या काकूंना सारे ‘ताई’ म्हणतात, आणि माझ्या पुण्याच्या पुतण्याची मुलगी तिच्याहून मोठी म्हणून तिचीही ती ताईच. टेलिफोन वाजतो, नात धावत जाते आणि तेथूनच ओरडते, “आजी, ताई का फोन है!” मी हातातले काम टाकून विचारते, “कोणती गं, इकडची की तिकडची?” आणि ती मला उलट विचारते, इकडची म्हणजे कुठली?